भुंड्या बोकडाच्या लेकी

शेळी व्याली की माणदेशातली बाई आधी करडाचं नाक-तोंड पुसते आणि लगेच शेपूट उचलून बघते. पाट निघाली की तिचा चेहरा खुलतो. पाट म्हणजे मादी करडू. वर्ष-दीड वर्षात ती विते, घरात दूध येतं, चार शेरडांची सहा होतात. बोकड झाला तर जत्रेपर्यंत सांभाळायचा आणि विकून मोकळं व्हायचं. जिथं पावसाचा भरवसा नाही आणि घरातला कर्ता माणूस मुंबईला, तिथं पाटी किती झाल्या यावर पोरांच्या वाटीत दूध पडणार की नाही ते ठरायचं.

साठच्या दशकात मी त्या भागात गुरांच्या सरकारी दवाखान्यात स्टॉकमन होतो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर तालुक्याला बसायचे. मी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून अकरा गावं फिरायचो. लस टोचायची, जखमा बांधायच्या, अडलेली शेळी सोडवायची, खोंड-बोकड खच्ची करायचे आणि महिनाअखेरीला तक्ते भरायचे. लोक मला ‘डाक्टर’ म्हणायचे आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. ऐकायला बरं वाटायचं.

त्या अकरांतल्या एका गावाची ही हकिकत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली पुष्कळ माणसं आता नाहीत, पण त्यांची नातवंडं आहेत.

शेळ्यांची जात सुधारावी म्हणून सरकार तेव्हा गावोगावी चांगले बोकड द्यायचं. या गावाच्या वाट्याला आलेला बोकड पाहून मीच थक्क झालो होतो. कमरेएवढा उंच, पांढराशुभ्र, आणि डोक्यावर शिंगांचा मागमूस नाही. जन्मजात भुंडा. लोकांनी त्याचं नाव भुंड्याच ठेवलं. पण त्याला सांभाळायचं कोणी? माजावरच्या बोकडाचा वास अर्ध्या गावाला येतो. कोणी तयार होईना. शेवटी चंद्राबाई म्हणाली, “बांधा माझ्या दारात. मी बघती त्याच्याकडं.”

चंद्राबाई गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. नवरा मुंबईला गोदीत. त्यांच्या वस्तीनं काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता, घरातले देव नदीत सोडले होते, आणि भिंतीवर बुद्धाची एक तसबीर लावली होती. गावाला ते आवडलं नव्हतं, पण कोणी उघड काही बोलत नव्हतं. बाई अंगानं किरकोळ, बोलायला मोजकी. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोणाची शेळी कुठल्या सणाला बोकडाकडं आली, कितवं वेत, पोटाला काय झालं, हे सगळं तिला पाठ. माझा तक्ता मी तिच्या ओट्यावर बसून भरायचो. ती सांगणार, मी लिहिणार.

पहिल्या वर्षी भुंड्याची जेवढी करडं झाली तेवढी सगळी भुंडी निघाली. एकालाही शिंग आलं नाही. करडं दणकट, निम्मी पाटी, निम्मे बोकड. मला फार अभिमान वाटला. मी गावभर सांगत सुटलो, “भुंड्या पाटी विकू नका, राखा. शिंगाळ्या कमी करा. शिंगं नसली की झुंज नाही, कासेला जखम नाही, काट्यांच्या कुपाटीत डोकं अडकत नाही.” हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, वरून तसा हुकूमही नव्हता. माझ्याच डोक्यातून निघालेलं होतं. पण ‘डाक्टर’ सांगतोय म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. सगळ्यांत जास्त ऐकलं ते हवालदारांनी. हे लष्करातून पेन्शनीत आलेले बागायतदार, गावात त्यांचा शब्द मोठा. त्यांनी आठ भुंड्या पाटी राखल्या.

त्या पाटी मोठ्या झाल्या, भुंड्याकडेच गेल्या, गाभण राहिल्या. आणि तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वेत सुरू झालं.

पहिली बातमी म्हादू आबांनी आणली. हे गावातले जुने धनगर. जितराबाबद्दल त्यांना जे कळायचं ते मला माझ्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर बसत म्हणाले, “डाक्टर, माज्या तिन्ही भुंड्या याल्या. दोन बोकड झालं. तिसरं काय झालंय त्ये तुमी सांगा.”

मी गेलो. करडू आईला पीत होतं. शेपूट उचललं. वरून पाटच, पण पाटीला जिथं काही नसावं तिथं करंगळीच्या टोकाएवढा मांसाचा कोंब. ते मुतलं तेव्हा धार मागं उडाली. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते.

“एखादं असं होतं,” मी म्हणालो.

“येखादं व्हय,” आबा म्हणाले. “हवालदाराकडं दोन हायती.”

पुढच्या तीन आठवड्यांत मी त्या गावात रोज गेलो असेन. भुंड्या शेळ्यांच्या पोटी बोकड, बोकड, मग तसलं एक, पुन्हा बोकड. धड पाट चारांत एखादी. त्या बोकडांतही काही विचित्रच होते. वृषण लहान, किंवा एकच, किंवा जांघेत वर अडकलेला. सायकलची घंटा ऐकून बाया दारात यायच्या आणि करडू पुढं करायच्या.

मी तालुक्याला जाऊन आमच्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांनी आणखी दहा गावांसाठी असेच भुंडे बोकड मागवले होते आणि कागद वर गेला होता. ते म्हणाले, “पाऊस नाही, चारा नाही. जनावरं खंगलीत. दुष्काळाचा परिणाम, असं लिहा आणि विषय संपवा.”

मी तसं लिहिलं. सही केली. वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निकृष्ट आहारामुळे मादी करडांचे प्रमाण घटले.’

हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली. “आवं डाक्टर, काय बोलताय? माजी हयात गेली शेरडांमागं. दुस्काळात मादीच जास्ती हुती. पोटभर पाला मिळाला की बोकड जास्ती. खंगल्या शेळीच्या पोटात नर टिकत न्हाई. तुमी उलटंच लिवलंया.”

पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं की शास्त्रज्ञही या प्रश्नाच्या मागं लागले आहेत. आईचं पोट भरलेलं की रिकामं, यावर काही प्राण्यांत नर-मादीचं प्रमाण कललेलं दिसतं. सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की मी खोटं लिहिलं आहे आणि एका निरक्षर माणसानं ते दोन वाक्यांत पकडलं आहे.

तोवर गावानं आपलं कारण शोधलं होतं.

बोकड चंद्राबाईच्या दारात. चंद्राबाईनं देव सोडलेले. आणखी काय पाहिजे? कोणी म्हणालं, कोप झाला. कोणी म्हणालं, तिनं बोकडाला काही चारलं. शेरडांना पाणी पाजायची गावाची एक टाकी होती. त्या उन्हाळ्यात दुसरीकडं कुठं पाणी नव्हतं. एका सकाळी हवालदारांनी तिला टाकीवरून माघारी लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या वस्तीतल्या कोणाचंच जनावर तिथं येऊ दिलं नाही. चंद्राबाई दोन मैलांवरच्या ओढ्यात झिरा उकरून डोक्यावरून पाणी आणू लागली. स्वतःच्या चार शेळ्यांना आणि त्या सरकारी बोकडाला.

मी तिच्याकडं गेलो तेव्हा ती बोकडापुढं घमेलं ठेवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “बोकड सरकारचा, सल्ला तुमचा. मंग पाप माज्या माथ्यावर कसं वो, डाक्टर?”

मी ओट्यावर टेकलो. मग तीच म्हणाली, “येक बोलू? तुमी शिकलेली मान्सं, हसाल.”

“बोल.”

“शिंगाळ्या शेळ्यांस्नी पाटी झाल्यात की. याच बोकडाच्या, याच उन्हाळ्यात. म्हाताऱ्या शिंगाळ्या जेवढ्या आल्या हुत्या, त्यांचं समदं बरं हाय. वंगाळ झालंय त्ये भुंड्यांचंच.”

मी तक्ता काढला. ती एकेक शेळी सांगत गेली, मी खूण करत गेलो. खरंच तसं होतं. बोकड तोच, दुष्काळ तोच, गाव तेच. फरक फक्त शेळीच्या डोक्यावरच्या शिंगांचा. तीन वर्षं मी तो तक्ता भरत होतो, पण शिंगांचा रकाना त्यात नव्हता.

दोन दिवसांनी तसलंच एक करडू दगावलं. येत्या सोमवारी चावडीवर गाव बसणार होतं. भुंड्याला कापायचं आणि चंद्राबाईला गाव सोडायला लावायचं, असं आधीच ठरल्यासारखं होतं. माझ्या हातात तीन दिवस होते. कोणा जाणत्याकडून ते उघडून बघावं म्हणून मी करडाच्या अंगाला मीठ चोळलं, पोत्यात गुंडाळलं, डब्यात घातलं आणि मायणी-विट्यावरून सांगलीची एसटी धरली. उन्हानं डब्याला वास सुटला. तासगावच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, “पाव्हणं, काय हाय डब्यात?” मी म्हणालो, “औषध.” तो नाकाला रुमाल लावून पुढं गेला.

सांगलीच्या विश्रामबागेत एक निवृत्त पशुवैद्य राहायचे. ट्रेनिंगला असताना त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. करड्या स्वभावाचे, पण घरात पुस्तकांच्या भिंती. त्यांनी परसातल्या धुण्याच्या दगडावर करडू ठेवलं, पोट उघडलं, चिमट्यानं एक पांढरट नळी उचलली.

“हे काय?”

“गर्भाशय, सर.”

“आणि हे?” नळीच्या टोकाला पावट्याच्या दाण्याएवढी गाठ होती.

“अंडाशय.”

“नीट बघ.”

मी बघितलं. तो वृषण होता. एकाच पोटात दोन्ही.

“ही पाट आहे,” ते हात धुता धुता म्हणाले. “पाट म्हणूनच हिचा गर्भ धरला होता. पोटात वाढताना शरीर नराकडं वळलं. गायीला जुळं झालं, एक खोंड नि एक कालवड, तर कालवड बहुतेक वांझ निघते. माहीत आहे ना? तिथं वारेतून रक्त मिसळतं, म्हणून तसं होतं. शेळीत वेगळं आहे. शिंगं न येण्याचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला की पाट बिघडते. एकाकडूनच आला तर काही होत नाही. तू म्हणतोस तेवढे बोकड झालेलेच नाहीत. त्यांतल्या कितीतरी पाटीच आहेत. तुम्हाला ओळखू आल्या नाहीत, इतकंच.”

मी विचारलं, “मग भुंड्याच पाटी राखा, असं सांगणारा—”

“गाढव,” ते म्हणाले. “भुंडा बोकड शिंगाळ्या शेळीला, नाहीतर शिंगाळा बोकड भुंड्या शेळीला. दोघांतल्या एकाला शिंगं हवीत. कोणी सांगितलं होतं तसं?”

मी खाली वाकून पोतं घडी करू लागलो. त्यांना कळलं. त्यांनी मला चहा पाजला आणि दुसरं काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी गावात पोचलो तेव्हा चावडीपुढं माणसं दाटली होती. भुंड्याला खांबाला आखूड बांधलं होतं. शेजारी एक जण कोयत्याला धार लावत होता, मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी. चंद्राबाई लांब, निंबाच्या सावलीच्या कडेला उन्हात बसली होती. तिच्या वस्तीतली पाच-सात माणसं तिच्यामागं उभी होती आणि त्यांच्याही हातांत काठ्या होत्या. तिकडून इकडं एक दगड आला असता तर त्या दिवशी माणसं मेली असती.

हवालदार म्हणाले, “बरं झालं, डाक्टर आला. सांगा सरकारला, तुमचा बोकड आमी खलास करतोय. आन् त्या बाईनं आजच्या आज बिस्तरा गुंडाळायचा. आर्डर हाय गावाची.”

मी म्हणालो, “तिचा काही दोष नाही. बोकडाचाही नाही. माझा आहे.”

मी सगळं सांगितलं. भुंड्या पाटी राखा असं सांगताना मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी डॉक्टर नाही. आणि दुष्काळामुळं झालं असं मी सरकारला लिहून दिलं, तेही खोटं आहे. बोलत असताना गर्दी पुढं सरकत होती. हवालदारांनी माझी कॉलर धरली. “म्हंजी आमची दोन वर्षं तू मातीत घातलीस? आन् आता बाईला वाचवायला गोष्टी सांगतोयस?”

त्यांच्या मुठीत माझं बटण तुटलं. कोयतेवाला उठून उभा राहिला. आणि तेव्हा चंद्राबाई चालत पुढं आली. गर्दीत वाट झाली, कारण तिचा स्पर्श नको म्हणून लोक मागं सरले.

“हवालदार,” ती म्हणाली, “तुमची काळी शिंगाळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी माज्या दारात आली हुती. तिला काय झालं?”

हवालदारांची मूठ माझ्या कॉलरवर तशीच होती.

“दोन पाटी झाल्या. खोटं आसंल तर सांगा. आन् तुमच्या भुंड्या दिवाळीत आल्या. येकीला बोकड, येकीला तसलं. मी करनी केली तर काळीला कशी सोडली?” मग तिनं म्हादू आबांकडं बघितलं. “आबा, तुमची कानफुटी शिंगाळी. तिला?”

“पाट,” आबा म्हणाले. “निरोगी.”

तिनं अशी एकेकाची नावं घेतली. सण सांगितला, शेळीचा रंग सांगितला, वेत सांगितलं. माणसं आपसांत बघू लागली. आबा कट्ट्यावर चढले आणि ओरडले, “ज्याच्या शिंगाळीला तसलं झालं आसंल त्यानं हात वर करा गड्या!” एकही हात वर झाला नाही. “आता भुंडीला झालं त्यांनी!” हात वर येत गेले. शेवटी हवालदारांनी माझी कॉलर सोडली आणि स्वतःचा हात वर केला. तो हात मी विसरलेलो नाही.

कोयता खाली गेला. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. सभा पांगली एवढंच. चंद्राबाई आल्या वाटेनं परत गेली. मी भुंड्याचं दावं सोडलं, एका हातात सायकल आणि एका हातात दावं धरून चालत तालुक्याला निघालो. बारा मैल तो माझ्या धोतराला डोकं घासत आला. मनात धास्ती होती की साहेबांपुढं पुन्हा कच खाईन.

खाल्ली नाही. नवा कागद लिहून टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला. “आधीच्या कागदात तुम्ही दुष्काळ लिहिलंय.”

“ते खोटं होतं, साहेब.”

“कोणी लिहायला सांगितलं होतं?”

खोलीत कारकून बसला होता. मी म्हणालो, “सही माझी आहे.”

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग दहा गावांच्या बोकडांचा कागद परत मागवला. हे त्यांचं मोठेपण, ते मी नाकारणार नाही. त्या गावाला शिंगाळा बोकड मिळाला, तो हवालदारांनी आपल्या गोठ्यात बांधून घेतला. मला मात्र मेमो मिळाला आणि महिनाभरात मिरजेकडं बदली झाली. बाडबिस्तरा बांधण्यात, चार्ज देण्यात दिवस गेले. बदलीआधी त्या गावात मी पुन्हा गेलो नाही.

गेलो तो वर्षभरानं, रजा काढून. पुढचं वेत कसं झालं ते डोळ्यांनी बघायचं होतं. म्हादू आबांनी शेळ्यांच्या वाडग्यात नेऊन दाखवलं. भुंड्या शेळ्यांच्या अंगाशी पाटीच पाटी, काही भुंड्या, काही शिंगांचे कोंब फुटलेल्या. मला रडू आलं. आबा हसले. “तुमचं खरं झालं, डाक्टर.”

मी म्हणालो, “चंद्राबाईला भेटून येतो.”

“ती कुटं हाय आता? गेली म्हमईला. नवऱ्याकडं. दिवाळीच्या म्होरं.”

“गावानं काढलं?”

“न्हाई, न्हाई. टाकी दुसऱ्याच दिशी खुली केली आमी. पर ती आलीच न्हाई टाकीवर. गेली तवापतुर वढ्याचंच पानी आनत हुती.”

“तिला कोणी सांगितलं होतं का, ये म्हणून?”

आबा खाली वाकले. एका पाटीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “कोन सांगनार? जो त्यो म्हनत हुता, दुसरा कोन तरी सांगंल.”

मी वस्तीत गेलो. तिच्या दाराला कडी होती. बोकडाचा खुंटा उपटून नेलेला, ओटा सारवलेला नव्हता. त्याच ओट्यावर बसून मी तीन वर्षं तिच्या तोंडून ऐकून माझे तक्ते भरले होते. शिंगांची गोष्ट तिनं पकडली, साहेबांच्या कागदात ती माझ्या नावावर गेली. चावडीवर मी माझी चूक साऱ्या गावाला सांगितली. पण तिच्या ओट्यावर येऊन तिला सांगायला मला बदलीआधीच्या त्या महिनाभरात एकदाही वेळ झाला नव्हता.